सहजीवनाचं पोस्टकार्ड

ठाण्याच्या कॉलेजात, अठ्ठ्याऐंशी साली, मला हवा असलेला कम्प्युटरवरचा शोधनिबंध माझ्याआधी अर्धा तास कुणीतरी नेला होता. ग्रंथपाल विमलाबाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे चांगदेव बसला होता.

मी निबंध मागितला. त्यानं मान वर केली आणि... जाऊ दे, डोळे बरे होते एवढंच सांगते.

"मानसशास्त्रवाल्यांना कम्प्युटर कशाला?"

"कम्प्युटरसमोर माणूसच बसतो ना? की तुमच्याकडे नाही बसत?"

तो हसला आणि शेजारची खुर्ची ओढून दिली.

माणसानं आणि यंत्रानं जोडीनं विचार करावा, असं सांगणारा तो निबंध परदेशात शिकलेल्या कुण्या सरांनी आणलेला. त्यांच्या विद्यार्थ्यानं झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सची आणखी कुणी, असं करत तो आमच्यापर्यंत आला, तेव्हा शेवटची पानं पार पुसट झालेली. चांगदेव अक्षरं लावायचा, मी लिहून घ्यायचे. सहा महिन्यांत आम्ही त्यावर एका मासिकासाठी मराठी लेख लिहायला घेतला आणि शीर्षकावरून भांडलो. त्याला 'सहजीवन' हवं होतं, मला 'भागीदारी'.

मग डोंबिवलीजवळच्या आमच्या गावात त्याचं पोस्टकार्ड आलं. 'सहजीवनाचं मी पक्कं केलं आहे. तुमचा होकार धरून चालतो. रविवारी घरी येऊन बोलतो.'

ते माझ्या वडिलांनी, आबांनी, ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. लग्नपत्रिका वाचून वाचून तो शब्द त्यांच्या चांगला ओळखीचा होता.

"बाय, यो सहजीवनवाला कोन गो?"

"आबा, त्यो नुसता शब्द हाय."

"मंग, देलास का त्याला शब्द?"

मी त्यांच्या हातातून कार्ड काढून घेतलं. मलाही तोच अर्थ हवा होता—आणि त्याच्या मनात तो नसेल, या भीतीनं दोन दिवस ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचत होते.

रविवारी तो आला, काखेत फाइल घेऊन. आबांनी नोकरी विचारली, आईबाप विचारले. त्यानं निमूट सगळं सांगितलं.

"सहजीवनाचं पक्कं ना?"

"हो. सहा महिने विचार केलाय."

"घरी सांगितलाव?"

"घरी...? लेखाचं?"

आबा माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मीच म्हटलं, "त्यांना वाटतंय, तुम्ही मला मागणी घालायला आलात." आणि आत जायला उठले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दाखवायचं नव्हतं.

"मंजुळा—थांब ना." पहिल्यांदाच तो मला अगं-तुगं करत होता. कान लाल झाले होते. "लेखाला भागीदारीच म्हणू आपण."

"का? एवढे भांडलात ते?"

"तो शब्द... मला दुसरीकडे लागणार आहे."

आई पदर तोंडाला लावून हसली.

"मग तसं नीट विचारा की," मी म्हटलं.

त्यानं विचारलं. आबांच्या समोर, चाचरत, पण विचारलं. मी हो म्हटलं, आणि तेव्हा कुठे मला धड श्वास घेता आला.