पाणी संपेपर्यंत

सूचना. गुरुवारी इमारतीवरच्या टाक्या धुतल्या जातील. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाणी बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

*

लाल रबराचं बूच. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून उसनं आणलेलं, परत न केलेलं.

*

"आईशी बोलताना तरी वाक्य पूर्ण करत जा गं. अर्ध्यावर सोडतेस, आणि मी इकडे फोन कानाला लावून बसते."

*

चारशे बारा पानं. आठ वर्षं. निकाल एका ओळीचा: 'उमेदवाराला आपला मुद्दा वेळेत मांडता आला नाही.'

*

अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या न्यायालयात बोलण्याचं माप पाण्याने ठरे. वरच्या घागरीच्या तळाशी भोक, खाली दुसरी घागर. धार चालू तोवर बोलायचं, धार थांबली की गप्प. घागरीजवळ एक माणूस बसे. साक्षी-पुरावे वाचले जात असताना तो भोक बंद करी, एरवी नाही. तिथे कोणी बसायचं ते चिठ्ठी टाकून ठरे. तो स्वतः काही बोलत नसे.

*

त्या न बोलणाऱ्या माणसावर तिने आठ वर्षं घालवली होती. लोकशाही बोलणाऱ्यांवर चालते असं सगळे म्हणत आले. तिचं म्हणणं होतं, ती चालते घागरीजवळच्या त्या एका गप्प माणसाच्या बोटावर. त्याच्या मनात आलं तर तो बोट लावेल, नाही आलं तर नाही लावणार, आणि तेवढ्यात कोणाचा तरी जीव वाचेल किंवा जाईल. प्रबंधाचं तिसरं प्रकरण हेच होतं.

मार्गदर्शक होते सर. चाळीस वर्षं ग्रीक राजकीय विचार शिकवून त्यांचा दरारा असा बसला होता, की मुलं त्यांना पाठीमागे 'अथेन्सचे जावई' म्हणत. अथेन्सबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की सासरचा अपमान झाल्यासारखे ते चिडत. कुंभाराकडून त्यांनी दोन घागरी घडवून घेतल्या होत्या. भरलेली घागर वीस मिनिटं चाले. वर्गात निबंध वाचणाऱ्याला एक घागर मिळे. शेवटचा थेंब पडला की सर म्हणत, "पाणी संपलं," आणि पोरगं क्रियापदापर्यंत पोचलेलं असो वा नसो, खाली बसे.

तिच्या तोंडी परीक्षेलाही तीच घागर होती. समोर बाहेरगावचे एक परीक्षक, शेजारी विभागप्रमुख बाई. सरांनी बूच स्वतः काढलं. ती तिसऱ्या प्रकरणावर आली, "म्हणून घागरीजवळचा तो माणूस हा," असं म्हणाली, आणि सर म्हणाले,

"पाणी संपलं."

सात मिनिटं झाली होती. तिने उठून वरच्या घागरीत डोकावलं. ओल फक्त तळाकडच्या एक तृतीयांश भागाला होती. बाईंनीही डोकावलं, आणि पेनाचं टोपण काढून सही केली.

दोन वर्षांनी सरांचं चौथं पुस्तक आलं. तिसरं प्रकरण तिचं होतं. तिचं अर्धं राहिलेलं वाक्य त्यात पूर्ण झालं होतं.

तरी ती त्याच विभागात राहिली, तात्पुरती व्याख्याती म्हणून. पोट कोणाला चुकलंय. दरवर्षी सरांची सही झाली की पुढचं वर्ष. सरांच्या तासाला घागरीजवळ बसायचं काम तिच्याकडे आलं. "तो गप्प माणूस तुझाच ना? मग तुझ्याइतकं शोभेल कोणाला," असं सर भर वर्गात म्हणाले होते. सगळे हसले. तीही हसली. अशी सहा वर्षं गेली.

आता सर निवृत्त होत होते. गुरुवारी सकाळी अकराला त्यांचं निरोपाचं व्याख्यान होतं. ते गेले की ते प्रकरण कोणाचं, हे सांगणारं कोणी उरणार नव्हतं.

बाईंनी तिला दार लावून घेऊन सांगितलं होतं, "हे बघ, लिहून देणार नाहीत ते. पण व्याख्यानात एकदा नुसतं बोलले आणि ते रेकॉर्ड झालं, तर तुझा प्रबंध मी पुन्हा पुढे नेते. नाहीतर माझेही हात बांधलेले आहेत."

बुधवारी ती सरांच्या खोलीत गेली. ते खोक्यांत पुस्तकं भरत होते.

"सर, उद्या एक वाक्य बोलाल का? ते प्रकरण…"

"कोणतं?"

"तुम्हाला माहितीये, सर."

सरांनी खोक्याला चिकटपट्टी लावली, दाताने तोडली. "उद्या वीसच मिनिटं आहेत गं. तुझ्यासाठी जास्तीचं पाणी कुठून आणू?"

*

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सरांची पत्नी, त्यांच्या मागे बाई. तिपाईवर कॅमेरा, त्याचा लाल दिवा लागलेला. टेबलावर घागरी. पाण्याचा पेला उपडा होता. सरांनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि तिने बूच ओढलं.

धार पडली.

तिने हातातल्या बुचाकडे पाहिलं, मग घागरीकडे. मग बूच मुठीत आवळून ती आपल्या खुर्चीत बसली.

सर छान बोलले. कुठे थांबायचं, कुठे लोकांना हसवायचं, हे त्यांना पाठ होतं. विसाव्या मिनिटाला ते 'धन्यवाद' म्हणाले. टाळ्या झाल्या.

धार चालूच होती.

"घागरीलाही माझा निरोप घ्यायचा नाहीये वाटतं," सर म्हणाले. लोक हसले. आणि सर पुन्हा बोलू लागले.

अर्धा तास झाला. पाऊण तास. मागच्या रांगांतून खोकले आले, मोबाईल उजळले. खालची घागर एव्हाना भरून वाहायला हवी होती. ती अर्धीच होती, मघापासून अर्धीच. सरांनी कागद मिटले, चष्मा काढून खिशात ठेवला, खुर्ची ओढून बसले. ओठ मात्र हलत राहिले. त्यांनी हात तोंडावर ठेवला. बोलणं बोटांच्या फटींतून येत राहिलं.

"पहिलं पुस्तक," ते म्हणाले. आवाज सपाट होता, हजेरी घेतल्यासारखा. "पान चाळीस ते एकसष्ट. खोलीतल्या मित्राची वही. तो तापात गेला, वही माझ्याकडे राहिली. पान ब्याण्णव, एका विद्यार्थिनीचा निबंध. तिला मी नापास केलं."

उजळलेले मोबाईल खाली गेले.

"दुसरं पुस्तक. अख्खी प्रस्तावना…"

पुस्तकं क्रमाने येत होती. म्हणजे चौथंही येणार. तिने खुर्ची थोडी पुढे घेतली.

सरांचे डोळे तिच्यावर आले. त्यांचे तसे डोळे तिने कधी पाहिलेच नव्हते. बोलणं न थांबवता त्यांनी त्यातच शब्द घुसवले.

"तिसरं पुस्तक, बोट लाव, पान अठरा, भाषांतर माझं नाही, लाव गं बोट, पान एकोणीस…"

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"तोंडी परीक्षा. घागर मी एक तृतीयांशच भरली होती. विभागप्रमुखांनी आत पाहिलं आणि सही केली."

बाईंनी पर्स उचलली. त्या उठल्या तशा मागच्या खुर्च्या करकरल्या, आणि पाच मिनिटांत सभागृहात तिघंच उरली. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता.

"चौथं पुस्तक, तिसरं प्रकरण. हिचं. शब्दन्‌शब्द हिचा."

हेच. हेच तिला हवं होतं.

सरांची पत्नी उठून टेबलापाशी आली. "मिळालं ना गं तुला? लाव आता ते बूच. घसा फाटेल त्यांचा."

तिने मूठ उघडली. तळहातावर बुचाचा लाल गोल उमटला होता.

"पाणी अजून संपलेलं नाही, काकू," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचं एखादं वाक्य पूर्ण झालं होतं.

"अगं, तू माणूस आहेस का?"

सर तोवर पुस्तकं संपवून घराकडे वळले होते. लग्नाच्या आधीचं एक नाव, मग एक पत्ता, मग त्या पत्त्यावर राहणाऱ्या मुलाचं वय. त्यांच्या पत्नीने तीन वाक्यं ऐकली. चौथ्याला त्या दाराबाहेर होत्या. शाल खुर्चीवरच राहिली.

मग आवाज घोगरा झाला.

मग गेला.

ओठ हलत होते. कोपऱ्यात रक्त आलं होतं. डोळे तिच्या मुठीवर.

ती बसून होती. धार सरळ होती, दोऱ्यासारखी.

दीड वाजता तिला भूक लागली. तिने बूच लावलं.

धार थांबली. ओठ थांबले नाहीत.

*

रेकॉर्डिंग अडीच तासांचं आहे. चित्रात सर बोलताना दिसतात. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच: मातीच्या भांड्यात पडणाऱ्या पाण्याचा.

"मी तर आधीच निघाले होते," बाई म्हणाल्या. "मी काहीच ऐकलं नाही. आणि हे बघ, सरांचा तास आता तूच घे. घागरीसकट."

ती घेते. मुलं तिला काय म्हणतात ते अजून तिच्या कानावर आलेलं नाही.

सरांच्या पत्नीचा एकदाच फोन आला. "झोपेतही ओठ चालू असतात. घरातले सगळे नळ कापड बांधून ठेवलेत मी. कुठे थेंब पडला की ताडकन उठून बसतात." मग, "तू एकदा येऊन काही करशील का?"

"बघते, काकू, पण सध्या…" ती म्हणाली, आणि पुढचं राहिलं.

त्या गुरुवारी, व्याख्यानाआधी, सकाळी नऊ वाजता ती घागर भरायला गेली होती. नळ कोरडे होते. तिने घागर आतून फडक्याने पुसली, भोकाला बूच लावलं, आणि तशीच रिकामी नेऊन टेबलावर ठेवली.