बारा खेळांचा ठसा

कोल्हापूरच्या चित्रस्मृती प्रयोगशाळेत डॉ. उल्का मोहितेने डोक्यावर यंत्राचा टोप चढवला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. शेजारी डॉ. तांबोळी चहाचा कप घेऊन उभे. मेंदूविज्ञानातला दांडगा माणूस, आणि शंका काढण्यात त्याहून दांडगा. उल्काने बनवलेला ठसालेखक प्रयोगशाळेच्या संग्रहालयात घ्यायचा की नाही, हे त्यांच्या सहीवर ठरणार होतं.

"एकदा परत सांग," ते म्हणाले. "सिनेमा बघताना एका माणसाला जे वाटतं, दिसतं, ते तुझं यंत्र टिपतं. मग दुसरा तो सिनेमा त्या पहिल्याच्या डोळ्यांनी बघतो. इथपर्यंत कळलं. पण माणूस काय नुसता सिनेमा बघतो? पाय दुखतो, भूक लागते, घरचं काहीबाही आठवतं."

"म्हणून तर गाळणी, सर. एकाच माणसाला तोच सिनेमा बारा वेळा दाखवायचा. बाराही वेळा सिनेमाच्या त्याच चौकटीला जे उमटलं, ते सिनेमाचं. एकदा जरी उमटलं नाही, तर ते त्या दिवसाचं. गाळून टाकायचं."

"बरं. आणि हा ठसा कुणाचा?"

"आमच्या आबांचा."

तांबोळींनी कप खाली ठेवला. उल्काच्या वडिलांना जाऊन महिनाच झाला होता.

आबांनी चाळीस वर्षं थिएटरात सिनेमाचं मशीन चालवलं. फिल्म सोसायटीच्या एका खेळाला एक जुना जपानी सामुराईपट त्यांच्या मशीनवर चढला, आणि आबा जन्माचे त्या सिनेमाचे झाले. ठशासाठी याहून जाणता प्रेक्षक कुठून आणायचा? बारा रविवार ते इस्त्रीचा सदरा घालून आले. दर वेळी खुर्चीत बसताना म्हणायचे, "उल्के, सगळा नको बघूस. पुलावरच्या लढाईला तेवढी माझ्याजवळ येऊन बस की गं."

"येते आबा, तुम्ही करा सुरू," असं म्हणून उल्का काचेपलीकडे जायची. बारा खेळांचे आलेख तिने डोळ्यांत तेल घालून पाहिले. सिनेमा एकदाही नाही. आता त्याची चुटपुट तिला जेवू देत नव्हती. आबांच्या डोळ्यांनी का होईना, त्यांच्याबरोबर तो सिनेमा एकदा बघायचा, एवढंच तिला हवं होतं.

पडदा उजळला. वाऱ्याने गवत आडवं झालं आणि तिच्या नाकात जुन्या मशीनमधल्या जळत्या कार्बनच्या कांडीचा वास शिरला; आबांना तो बाराही वेळा आला होता. म्हातारा सामुराई लंगडत आला. त्याच्या तलवारीचं तिला काहीच वाटलं नाही, झिजलेल्या गवती चपला पाहून मात्र पोटात तुटलं. गावकरी त्याला भात वाढून स्वतः उपाशी बसले, तिथे आपलं ताट त्यांच्यापुढे सरकवावंसं वाटलं. आपला बाप इतका हळवा होता, हे तिला चाळिशीत कळत होतं. टोपाखाली ती हसत होती आणि रडतही होती.

मग पूल आला. दोघे सामुराई समोरासमोर, हात मुठीवर, तलवारी म्यानातच. कुणी हलेना. एक मिनिट गेलं, दुसरंही गेलं. या सिनेमाचा सगळा जीव या थांबण्यात आणि त्यानंतरच्या एका वारात आहे, असं आबा सांगायचे.

आणि तिला उजवीकडे मान वळल्यासारखं वाटलं. समोर पडदा नव्हता. एक रिकामी खुर्ची होती, तिच्यापलीकडे काचेचं बंद दार. छातीत काहीतरी आशेने उभं राहिलं, थोडं थांबलं, आणि खाली बसलं. नजर पडद्यावर परतली तेव्हा एक सामुराई आडवा पडला होता. वार होऊन गेला होता.

तिने टोप काढला. "सर, गाळणी बिघडली आहे. भलतंच काही गाळायचं राहून गेलंय."

तांबोळींनी नोंदी पुन्हापुन्हा तपासल्या.

"गाळणी ठीक आहे, उल्का," ते म्हणाले. "बाराही रविवारी. याच चौकटीला."

उल्काने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. एका रविवारी, फक्त एका रविवारी ती त्या खुर्चीत येऊन बसली असती, तर हे गळून गेलं असतं.

"हाताने काढून टाक," तांबोळी हळूच म्हणाले. "मी काही विचारणार नाही."

"नको सर. नियमाने ते सिनेमाचंच आहे."

तिने सहीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. यापुढे जो कुणी आबांच्या ठशाने हा सिनेमा बघणार होता, त्याला तो वार कधीच दिसणार नव्हता.