अकरा मिनिटं, आळीपाळीनं

खरं तर त्या दिवशी मी तिथं नसायलाच हवं होतं. आमचे भूलतज्ज्ञ अचानक रजेवर गेले, म्हणून नवा व्हेंटिलेटर भूल दिलेल्या मेंढीवर तपासायच्या चाचणीला मला, जनावरांच्या डॉक्टरला, उभं केलं. मशीन बनवणारा पृथ्वीराज. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात माग दुरुस्त करत करत इंजिनिअर झालेला. मनगटावर ग्रीसचा डाग... आणि नजर मशीनवर कमी, माझ्यावर जास्त.

"मॅडम, तुमी लई रागानं बघताय की."

"मेंढीच्या वतीनं बघतेय. तिला बोलता येत नाही."

"मग मला बी तुमालाच खूश ठेवावं लागणार."

दोन तास सगळं सुरळीत चाललं. मग नियमाप्रमाणे मी श्वासाची नळी मुद्दाम सैल केली — बिघाड झाला तर मशीन काय करतं ते बघायला. शिट्टी वाजली आणि मशीन बंद पडलं. नळी परत बसवली, तरी ढिम्म हलेना.

मी भूल थांबवली, हातानं दाबायचा फुगा नळीला लावला आणि दाबू लागले. पृथ्वीराज पांढराफटक पडला.

"माझंच चुकलं. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, न्हाईतर कापड नासतं. मी हितं बी तसंच केलं..."

"कापड थांबून राहतं, पृथ्वीराज. जीव नाही राहत. हात धुऊन या, माझी बोटं दुखतायत."

अकरा मिनिटं आम्ही तो फुगा आळीपाळीनं दाबला. बोटांना बोटं लागत होती, पण दोघांचं लक्ष मेंढीच्या छातीवर. तिनं स्वतःहून श्वास घेतला, तेव्हा मी चक्क रडले.

अहवालात मी 'नापास' लिहिलं. त्यानं ते दोनदा वाचलं.

"रागावलात?"

"उपकार झाले तुमचे. हे मशीन कुणाच्या आईला लावल्यावर कळलं असतं, तर..."

चार महिन्यांनी तो मशीन घेऊन परत आला. या वेळी नळी निघाली, शिट्टी वाजली... आणि मशीन चालूच राहिलं. दुसऱ्या दिवशी मेंढी कडबा खाताना बघून मी पासचा शेरा लिहिला. तो मात्र दारातच घुटमळत राहिला.

"आता काय?" मी विचारलं.

"तुमी नापास केलं ना, त्या दिवसापास्नं तुमच्याशी लगीन करायचं मनात हाय."

"नापास केलं म्हणून?"

"व्हय. माझं चुकलं तर तोंडावर सांगणारं, अन् बोटं दुखली तरी दुसऱ्याचा जीव वाऱ्यावर न सोडणारं माणूस... दुसरं कुटं मिळणार मला?"

इतकी सरळ मागणी मला आजवर कुणी घातली नव्हती. मी हो म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, मीच त्याचे आभार मानले.