चंद्राकडे पडलेली सावली

स्टुडिओच्या मालकांनी काम तसं साधंच दिलं होतं. संध्याकाळी छायाकल्प चंद्रग्रहण, म्हणजे चंद्र नुसता जरा मळकटतो ते. गच्चीवरून चंद्राचे तीन फोटो काढायचे, आधी, मध्ये आणि नंतर. नव्या सुनेने कॅमेरा गळ्यात अडकवला, तशा सासूबाई दारात आडव्या आल्या.

"थोरली सून अशाच ग्रहणात गच्चीवर गेली. चपला सापडल्या, ती नाही."

"शोधलंत का वर जाऊन?"

सासूबाईंनी मान फिरवली. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "कशाला उगाच? त्यात काही दिसत नसतं म्हणे."

"मला दिसेल," ती म्हणाली. लग्नाला दोन महिने झाले होते. एवढं लांबलचक भाषण तिने या घरात पहिल्यांदाच केलं.

लोकांच्या फोटोंतल्या नकोशा सावल्या पुसणं, हेच तिचं रोजचं काम. कुठली सावली कुठल्या दिव्याची, ते ती झोपेतही सांगू शकली असती.

गच्ची सातव्या मजल्याच्या वर. खाली हॉर्नचा गोंगाट, वर पाण्याच्या टाकीचा शेवाळी वास. दुसऱ्या फोटोच्या वेळी चंद्राची एक कड मळल्यासारखी झाली, आणि खालचे आवाज एकेक करून विझत गेले. तिने पायाशी पाहिलं.

तिची सावली मागे पडली होती. बरोबर. पण शेजारून आणखी एक निघाली होती, धुरकट, मोकळ्या केसांच्या बाईची. ती चंद्राच्याच दिशेने, थेट कठड्यापर्यंत पसरली होती. अशी सावली पाडणारा दिवा जगात नसतो.

तिचे पाय आपोआप दोन पावलं कठड्याकडे सरकले. तिसरंही उचललं गेलं...

"नाही." तिने टाच फरशीवर रोवली. "जाऊबाई... तुम्हाला शोधायला कुणी वर आलं नाही. कळलं मला. म्हणून मला नेणार? मी येणार नाही. आणि फोटोतून तुम्हाला पुसणारही नाही. चला... खाली घरात चला. तुमचंही आहे ते."

चंद्र पुन्हा लख्ख होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. तिसरा फोटो काढला, मगच उतरली. मागे कुणीतरी एकेक पायरी उतरत होतं. तिने वळून पाहिलं नाही, की पाऊलही उचललं नाही भरभर.

दारात सासूबाई तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिल्या. त्यांचा हात दार लोटायला गेला.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "जाऊबाईंना अजून आत यायचंय."

काहीतरी गार दोघींच्या मधून सरकत गेलं. थोरले दीर घर सोडून गेल्यापासून त्यांची आणि जाऊबाईंची कोपऱ्यातली खोली रिकामीच होती. त्या खोलीचं दार हलकेच बंद झालं, आणि आतून कडी लागली.