एकेरी जाळी

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगून मला मिळणार काय? उलट माझ्याच घरची अब्रू चव्हाट्यावर येते. तरी सांगते, कारण पोटात ठेवून ठेवून आता मला झोप लागत नाही.

गाव टारवूना, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधलं. गेल्याच्या गेल्या वर्षी, डिसेंबरचा तिसरा गुरुवार. वेळ संध्याकाळी पावणेसात.

मर्व्ह पास्क म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ग्लेनिसचा नवरा. बावीस वर्षं त्याचा एकच धंदा. लोकांच्या घरात शिरलेली वटवाघळं बाहेर काढायची. मारून नाही हं, एकालाही न दुखावता. आमच्याकडची ही वटवाघळं अंगठ्याएवढी. पत्र्याखालच्या फटीतून माळ्यावर शिरतात. मर्व्ह त्या फटीवर जाळी लावायचा. वरून आणि दोन्ही बाजूंनी घट्ट ठोकलेली, खालून मोकळी. संध्याकाळी वटवाघूळ सरपटत खाली यायचं आणि उडून जायचं. पहाटे परतलं की फटीच्या वासावर नेमकं तिथेच येऊन बसायचं आणि जाळी ओरबाडत राहायचं.

आत जायची वाट वीतभर खाली उघडी असायची...

पण ती त्याला सापडायची नाही.

आठवडाभरात घर रिकामं. मग फट बुजवली की काम संपलं.

त्याचा नियम एकच. नोव्हेंबर ते जानेवारी जाळीला हात लावायचा नाही. तेव्हा माळ्यावर पिल्लं असतात. केस नसलेली, दुधावरची. आया बाहेर अडकल्या तर ती आत उपाशी मरतात. या नियमापायी मर्व्हने शाळेला नाही म्हटलं, पाद्रीबाबाला नाही म्हटलं, पबवाल्याला तर चारचौघांत नाही म्हटलं. गावात त्याला मान होता तो याच गोष्टीचा.

त्याच्या स्वतःच्या माळ्यावरही वटवाघळं होती. तो कौतुकाने दाखवायचा.

मग टॅमसिनचा फोन आला.

टॅमसिन त्यांची एकुलती एक लेक. तिच्या लग्नात मर्व्ह जावयाला नको ते बोलला होता. त्यानंतर चार वर्षं ती घरी फिरकली नव्हती. आता तिला मुलगी झाली होती, फ्रेया, दोन महिन्यांची. जावई खाणीवर होता. ख्रिसमसला लेक एकटी बाळाला घेऊन पर्थहून येणार होती.

"वर वटवाघळं आहेत अजून?" तिने फोनवर विचारलं.

"आहेत की," मर्व्ह म्हणाला.

"मग मी नाही येत, डॅड. दोन महिन्यांच्या पोरीला त्या घाणीखाली नाही निजवणार. बघ तुझं तू."

फोन ठेवला तसा ग्लेनिसने तोंडाचा पट्टा सोडला. माझी बहीण आहे म्हणून सांगते, तिच्या जिभेला हाड नाही.

"गावभर देवमाणूस म्हणून मिरवतोस. नातीसाठी एक नियम वाकत नाही होय रे तुझा?"

"पिल्लं आहेत, ग्लेन."

"पंख फुटलेले उंदीर ते! तुझं पिल्लू चार वर्षं घरी आलं नाही, त्याचं बोल ना. आत्ता नाही आली तर परत कधीच येणार नाही. लिहून देते."

मर्व्ह बॅटरी घेऊन माळ्यावर चढला. तुळईला पिल्लांचा गुलाबी झुबका लटकला होता. एकाच्याही अंगावर केस नव्हते.

तो खाली आला आणि म्हणाला, "उडायला लागलीत."

ग्लेनिसने काही विचारलंच नव्हतं. तो आपणहून म्हणाला. तेव्हाच मी ओळखलं, असं ती आता मला सांगते. ओळखलं, तर गप्प का बसली? ते सांगत नाही.

शुक्रवारी दुपारी त्याने जाळ्या लावल्या. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून मोजलं. बासष्ट आया बाहेर पडल्या.

पहाटे परत आल्या...

खर्र... खर्र... खर्र...

जाळीवर नखं. आणि आतून बारीक, चिरका आवाज. एकाचा नाही, सगळ्यांचा मिळून.

पहिल्या दिवशी ग्लेनिसने रेडिओ मोठा केला. दुसऱ्या दिवशी ख्रिसमसचा केक भाजायला घेतला आणि केक झाला तरी ओव्हनचा पंखा चालूच ठेवला. तिसऱ्या दिवशी आवाज तुटक झाला. मर्व्ह जेवणाच्या टेबलावर घास हातात धरून बसून राहायचा. वाटलं तेव्हा उठून जाळी कापता आली असती. पक्कड खिशातच होती.

चौथ्या दिवशी...

शांत.

त्या दिवशी भर उन्हात आया भिंतीवर बसलेल्या त्याला दिसल्या. वटवाघूळ उन्हात बसत नाही. मर्व्ह जवळ गेला. सगळ्यांच्या काखेपाशी केस ओले होते.

दूध होतं ते.

त्याने झाडूने त्यांना झटकलं. मग माळ्यावर जाऊन सुपलीने पिल्लं गोळा केली, काळ्या पिशवीत बांधली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. वरून कोळंबीची सालं, वास येऊ नये म्हणून. फटी फोम भरून बुजवल्या. हे सगळं त्याने मला स्वतः सांगितलं, माझ्या मागच्या पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता.

बुधवारी टॅमसिन आली. गाडीतून उतरली आणि बापाच्या गळ्यात पडली.

"किती म्हातारा झालास रे डॅड!"

मर्व्हला रडू आवरेना. नातीला त्याने उचलून छातीशी धरलं.

"गेली वटवाघळं?" टॅमसिनने विचारलं.

"गेली."

"कशी काय?"

"आपली आपण."

दुसरा दिवस गुरुवार. ग्लेनिस चर्चमध्ये ख्रिसमसच्या गाण्यांच्या तालमीला गेली होती. फ्रेया मधल्या खोलीत पाळण्यात झोपली होती. पावणेसातला टॅमसिन म्हणाली, "दुपटी वाळलीत, घेऊन येते," आणि मागच्या दाराने अंगणात गेली.

पाच मिनिटं झाली... दहा झाली...

फ्रेया उठली आणि रडायला लागली.

मर्व्हने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. टॅमसिन दाराच्या शेजारी भिंतीला तोंड करून उभी होती. दुपटी पायाशी पडली होती. ती दोन्ही हातांनी लाकडी फळ्या चाचपत होती.

"काय हरवलं गं?"

"डॅड, दार कुठंय?"

तो हसला. "नाकासमोर आहे की."

"थट्टा नको ना. फ्रेया रडतेय. दार कुठंय?"

दार सताड उघडं होतं, तिच्या कोपरापासून वीतभर.

ऊन लागलं असेल, मर्व्हला वाटलं. तो झटकन बाहेर आला, तिला खांद्याला धरून वळवलं आणि दाराकडे चालवलं. दोघांचे हात समोर गेले...

आणि फळीला लागले.

त्याने पुन्हा पाहिलं. दार तिथेच होतं. आतला दिवा दिसत होता, टेबलावरचा कप दिसत होता. पण हात पुढे केला की लागायची ती फळी. पाऊल टाकलं की घसरून बाजूला. तो पुढच्या दाराकडे धावला. तिथेही तेच. दगड घेऊन खिडकीची काच फोडली. फुटलेल्या काचेतून हात घातला...

आत काहीतरी ताणलेलं होतं. गुळगुळीत, बारीक विणीचं. वरून घट्ट, बाजूंनी घट्ट.

बावीस वर्षं त्याने ते हाताळलं होतं.

"खाली बघ!" तो ओरडला. "खालून मोकळं असतं! खाली शोध!"

"काय खालून मोकळं असतं? डॅड, काय बोलतोयस तू?"

तो गुडघ्यावर बसून भिंतीची खालची कड चाचपत सुटला. आत फ्रेयाचा आवाज चिरत चालला होता. तिच्या रडण्याने टॅमसिनला पान्हा फुटला. सदरा पुढून भिजला. ती फळ्या नखांनी ओरबाडायला लागली.

खर्र... खर्र...

"नको गं," मर्व्ह म्हणाला. "तसं नको करू."

तेवढ्यात डोक्यावर फडफड झाली.

एक काळा ठिपका पत्र्याखाली शिरला. मग दुसरा. मग रांगच लागली. फटी त्याने स्वतः बुजवल्या होत्या. सवयीने त्याच्या तोंडून आकडे निघत गेले.

बासष्ट.

फ्रेयाचं रडणं थांबलं.

एकदम थांबलं. मग आतून दुसराच आवाज यायला लागला. हळू, ओला, सावकाश...

टॅमसिनचे हात भिंतीवर तसेच राहिले. आईला तो आवाज ओळखावा लागत नाही.

"डॅड," ती म्हणाली, "ती पितेय."

मर्व्ह पत्र्याखालच्या फटींकडे बघत होता.

"कुणाचं पितेय, डॅड?"

अर्ध्या तासाने ग्लेनिसची गाडी आली. "हे काय, काच कुणी फोडली? आणि बाहेर काय उभे दोघं खांबासारखे?" असं बडबडत ती पायऱ्या चढली आणि सरळ आत गेली. तिच्या मागोमाग ही दोघंही आत गेली. दार तिथेच होतं.

फ्रेया पाळण्यात गाढ झोपली होती. पोट तट्ट भरलेलं. ओठांवर पांढरा फेस. चादरीवर सगळीकडे केसासारख्या बारीक ओरखड्यांच्या रेघा.

आणि माळ्याचा तो वास.

सकाळी मर्व्हने शिडी लावून सगळ्या फटी पाहिल्या. फोम जसाच्या तसा होता.

त्या दिवसापासून फ्रेयाने टॅमसिनच्या छातीला तोंड लावलं नाही. बाटली दिली की ओकायची. तुवूम्बाच्या मोठ्या इस्पितळात पाच दिवस नळीने दूध घातलं. वजन रोज उतरत गेलं आणि रोज पावणेसातला ती किंचाळायची. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शेवटी टॅमसिन तिला घेऊन परत त्याच घरी आली. पाळण्यात ठेवलं आणि तिघंही बाहेर जाऊन उभे राहिले.

अर्ध्या तासाने पोट भरलेलं.

मर्व्हने धंदा बंद केला. सगळ्या फटी उकरून मोकळ्या केल्या, पत्रेसुद्धा उचकटून पाहिले. माळ्यावर एकही वटवाघूळ नाही. लेंडी नाही.

कचऱ्याच्या डब्यातली ती पिशवी कळल्यापासून टॅमसिन बापाशी बोलत नाही. एकदाच बोलली. मर्व्ह अंगणात तिच्यासमोर हात जोडून रडत होता तेव्हा.

"किती दिवस ऐकलंस त्यांना?" तिने विचारलं.

"तीन."

"मग मी किती दिवस ऐकायचं, ते सांग."

लेक घरी यावी, राहावी, एवढंच त्याला हवं होतं. लेक राहिली आहे. तिला आता जाताच येत नाही. जावई दोनदा न्यायला आला आणि दोनदा एकटाच परत गेला.

मी मागच्या महिन्यात गेले होते. फ्रेया आता सव्वा वर्षाची आहे. अंगाने गुटगुटीत, गोड पोरगी. दिवसा मात्र कशालाही तोंड लावत नाही. माझ्यासमोर सतरंजीवर खेळत होती. टॅमसिनने हात पुढे करून म्हटलं, "ये, ममाकडे ये."

फ्रेयाने मान वर केली. आईकडे नाही, छताकडे. दोन्ही हात उंच केले आणि हसून हाक मारली...

"ममा."

मी घड्याळात पाहिलं. सव्वासहा वाजले होते. अजून अर्धा तास होता.

टॅमसिन तरीही उठली, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन उभी राहिली.