लाल बन्सीची शेवटची बरणी

जनुकवाचकानं एकशे बारावा नमुनाही नाकारला, तेव्हा डॉ. ओवी लोखंडे यांनी यंत्र बंद केलं आणि त्या समोरच्या थाळीतल्या शेवयांकडे पाहत बसल्या. कुणीतरी गावाकडून मोठ्या आशेनं पाठवलेल्या शेवया होत्या त्या. बोट लावलं की पीठ होत होतं.

सलग तीन हंगाम काळ्या तांबेऱ्यानं महाराष्ट्रातला गहू झोपवला होता. या रोगाला न जुमानणारी एक जात पूर्वी होती, एवढंच ओवींच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेच्या हाती लागलं होतं. एका जुन्या कृषी अधिकाऱ्याच्या वहीत नोंद होती: ‘लाल बन्सी. बार्शीच्या आसपास चार-दोन शेतांत. तांबेरा कधीच पाहिला नाही.’ पण तिचं बी कुठल्याच बियाणे बँकेत ठेवलेलं नव्हतं. पेरणारे गेले, पेरणं थांबलं आणि पिकलेला दाणा न् दाणा लोकांनी खाऊन टाकला. म्हणून प्रयोगशाळेनं आवाहन केलं होतं: लाल बन्सीचं पीठ, रवा, शेवया, काहीही जुनं घरात राहिलं असेल तर कळवा.

“जनुकवाचकाला दाणा जिवंत लागत नाही,” ओवी म्हणाल्या. “पेशीतली अक्षरं शाबूत हवीत, बस्स. ती एकदा वाचली की तांबेऱ्याशी लढणारं जनुक आपण आजच्या गव्हात लिहू शकतो. पण अक्षरंच पुसली गेली असतील तर?”

“पुसली जाणारच,” डॉ. अर्शद मुजावर म्हणाले. साठीकडे झुकलेले मुजावर अन्नसाठवणशास्त्राचे तज्ज्ञ होते आणि या कामापुरते ओवींच्या मदतीला आले होते. “कुरडया शिजवलेल्या चिकाच्या; उष्णतेनं अक्षरांचे तुकडे होतात. कारखान्यातला पास्ता कडक गरम हवेत वाळवतात, त्याचंही तेच. घरच्या शेवया सावलीत वाळवल्या तरी पुढं डब्यात ओल शिरते, किडे होतात. हे सगळं टळलं तरी हवेतला प्राणवायू हळूहळू एकेक अक्षर खातच असतो.”

“म्हणजे न तापवता वाळवलेलं, पूर्ण कोरडं, अंधारात आणि हवेशिवाय ठेवलेलं काहीतरी हवं. कोण ठेवतं हो घरात असं?”

त्याचं उत्तर चार दिवसांनी बार्शीहून आलं. पराग देवस्थळी नावाच्या निवृत्त गणित शिक्षकानं लिहिलं होतं: ‘माझ्या पत्नीनं लाल बन्सीच्या रव्याचा पास्ता घरी केला होता. एक बरणी शिल्लक आहे. एकतीस वर्षांची आहे. मात्र ती देईनच असं नाही.’

देवस्थळी एकोणऐंशी वर्षांचे होते. उंच, सडपातळ, पाठ अजून ताठ. बार्शीला आलेल्या ओवी आणि मुजावरांना त्यांनी आतल्या काळोख्या खोलीत नेलं आणि फडताळाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून काळ्या कापडात गुंडाळलेली काचेची बरणी काढली. आत बोटभर रुंदीच्या पिवळसर पट्ट्या होत्या. झाकणाभोवती मेण ओतलेलं. मुजावरांनी बरणी उजेडात धरली आणि ते आत निरखून पाहू लागले.

“आत प्राणवायूशोषक पुड्या आहेत. दोन! आणि हवाही उपसून काढलेली दिसतेय. काका, काकू हे कुठं शिकल्या?”

“केतकी त्या काळच्या मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून सगळं शिकायची. पट्ट्या पंख्याखाली वाळवायची. ऊन नको, भट्टी नको. काडकन मोडल्याशिवाय भरायची नाही. हवा ओढायचं एक हातपंपासारखं यंत्र होतं तिच्याकडे.”

“पण साध्या रव्याच्या पास्त्याला एवढा बंदोबस्त लागत नाही. कोरड्या डब्यातही तो वर्षानुवर्षं राहतो.”

“किड्यांची धास्ती होती तिला,” देवस्थळी म्हणाले. “गेली तेव्हा अशा सात बरण्या भरलेल्या होत्या. दरवर्षी तिच्या तिथीला एक उघडायचो. सहा संपल्या. सातवी उघडवेना.”

त्यांनी बरणी परत आपल्याकडे घेतली आणि मांडीवर ठेवली. ओवींनी काही खोटं सांगितलं नाही. झाकण उघडलं की हवा शिरणार, थांबलेला काळ पुन्हा चालू लागणार. निम्मा पास्ता दळून चाचणीत संपेल. उरलेला परत मिळेल, पण तो पुढं फार वर्षं असा राहणार नाही.

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर आम्ही परत जाऊ,” ओवी म्हणाल्या. “दुसरीकडे शोधू. खरं सांगायचं तर, दुसरीकडे काही नाहीये.”

देवस्थळींनी झाकणाभोवतीच्या मेणावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “ती असती तर तुम्ही दारात येण्याआधीच तिनं बरणी पिशवीत घालून ठेवली असती. न्या. पण एक अट आहे. त्यात जे जे सापडेल ते सगळं मला सांगायचं. गव्हाचंच असं नाही, सगळं. तिच्या हातचं आहे ते.”

“सगळं सांगेन,” ओवींनी शब्द दिला. निघण्याआधी देवस्थळींनी दोघांना जेवू घातलं.

पुण्याला आणल्यावर बरणी हवेशिवायच्या पेटीत उघडली. जनुकवाचक दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी पडद्यावर लाल बन्सीची अक्षरं उमटू लागली, सलग, लांबच्या लांब ओळींत. सातव्या दिवशी तांबेऱ्याला रोखणारं जनुक सापडलं. ओवींनी मुजावरांचे दोन्ही हात धरले.

सविस्तर अहवाल त्यानंतर आला. नमुन्यात कोणकोणत्या सजीवांची अक्षरं आहेत, त्याची ती यादी होती. गहू, बहुतांश. माणसाच्या हाताचा अगदी पुसट अंश. तो अपेक्षितच होता. आणि त्याखाली तिसरं नाव.

“कोंबडी?” ओवी म्हणाल्या. “आपल्याच पेटीत काहीतरी मिसळलं असणार.”

त्यांनी नवी पट्टी घेऊन पुन्हा वाचन केलं. कोंबडी. तिसऱ्यांदा प्रथिनांची चाचणी लावली. अंड्याचा बलक आणि पांढरं, दोन्ही. रव्याच्या चौथ्या हिश्शाइतकं तरी.

मुजावर हळूच खुर्चीत बसले. “आता कळलं. नुसता रवा असता तर प्राणवायूची एवढी भीती नव्हती. बलकात स्निग्धांश असतो. हवा लागली की तो खवट होतो, वास सुटतो. तो वास सुटू नये म्हणून त्या पुड्या, तो पंप, ते मेण. किड्यांचा काही संबंधच नाही.”

“सर, त्यांच्या घरात जेवलो तेव्हा ते काय म्हणाले, आठवतंय? ‘या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं आलेलं नाही.’”

“आठवतंय.”

“कसं सांगू मी त्यांना?”

मुजावरांनी चष्मा काढला. “नाही सांगितलं तर त्यांना कधीच कळणार नाही. ते सुखात राहतील. पण तुम्ही शब्द दिलाय, ओवी. आणि त्यांनी उगाच मागितला नव्हता. त्या बाईबद्दल नवं काही कळण्याची त्यांची ही शेवटची वेळ आहे.”

ओवी एकट्याच बार्शीला गेल्या. आधी जनुकाची बातमी सांगितली. देवस्थळींनी हात जोडले, डोळे पुसले. मग ओवींनी अहवालाचा दुसरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला.

“चूक असेल.”

“तीनदा तपासलं, काका.”

ते उठले आणि मागच्या अंगणात गेले. ओवी दिवाणखान्यात बसून राहिल्या. दहा मिनिटांनी ते परतले तेव्हा चेहरा लाल झाला होता.

“बेचाळीस वर्षांचा होतो,” ते उभ्याउभ्याच म्हणाले. “आतड्याचा क्षय झाला. वजन एकेचाळीस किलो. गोळ्या चालू होत्या, पण अंगात काही राहीना. डॉक्टर म्हणाले, अंडी खा, रोज, नाहीतर औषध पेलणार नाही. मी म्हटलं, मेलो तरी चालेल. तिच्यासमोर म्हटलं. ती भांडली नाही, रडली नाही. पंधरा दिवसांनी पास्ता करायला लागली. म्हणाली, लाल बन्सीत ताकद असते.” ते धपकन खाली बसले. “सहा वर्षं, रोज संध्याकाळी. आणि मी गावभर सांगत सुटलो, गव्हानं वाचवलं म्हणून! वर्गात मुलांना सांगितलं!”

ओवींनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

“फसवलं तिनं मला. चांगलं भांडलो असतो. आठ दिवस बोललो नसतो.” त्यांचा आवाज घसरला. “आता भांडू कुणाशी? आणि तिचं बघा. तिला ही गोष्ट कुणालाच सांगता आली नाही. अंडी कुठून आणत असेल, टरफलं कुठं टाकत असेल. माझ्या समोर बसून मला वाढताना काय वाटत असेल तिला.”

उरलेला पास्ता ओवींनी सोबत आणला होता. मुजावरांनी तो तपासून, पुन्हा हवाबंद करून दिला होता; खायला सुरक्षित होता, पण महिन्याभरात खवट होईल, असं त्यांनी बजावलं होतं. ओवींनी संकोचत ती पिशवी पुढं केली. “तुम्हाला नको असेल तर मी परत नेते. प्रयोगशाळेत जपून ठेवू.”

देवस्थळींनी पिशवी घेतली, हातात तोलली आणि ते स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग शेगडी पेटल्याचा. ओवी दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“काका, आता तर तुम्हाला माहीत आहे.”

“तेच तर,” ते पाठमोरेच म्हणाले. “तेव्हा तिनं मला विचारलं नाही, कारण मी नाही म्हणणार हे तिला ठाऊक होतं. आज विचारतेय असं धरतो.”

पट्ट्या आठ मिनिटांत शिजल्या. वर तूप, मिरपूड, मीठ. दुसरं काही नाही. त्यांनी दोन ताटल्या वाढल्या. एक ओवींपुढं सरकवली, आपल्या ताटलीतली एक पट्टी काट्यानं उचलली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तोंडात घातली. बराच वेळ चावत राहिले.

“कसं लागतंय?” ओवींनी विचारलं.

“अगदी तसंच,” देवस्थळी म्हणाले आणि दुसरा घास घेतला.