दमणारा जोडीदार

डॉ. मृणाल चौगुलेने पडद्यावरची रेघ बोटाने मागे-पुढे सरकवून पाहिली. कुठूनही पाहिली तरी ती उतरतच होती. पुण्याच्या देहगती प्रयोगशाळेत सकाळचे साडेदहा वाजले होते आणि तिचा चहा टेबलावर तसाच गार होऊन गेला होता.

"ओढायची ताकद बासष्ट किलोवरून साडेचाळीस," ती म्हणाली. "चौदा आठवड्यांत."

समोर डॉ. यास्मिन मुजावर बसली होती. ती मज्जातंतूंची डॉक्टर, आणि मृणालची पंधरा वर्षांची मैत्रीण. त्यामुळे ती उगाच गोड बोलत नसे.

"तुझे आबा काय म्हणतात?"

"मला काय धाड भरलीय, म्हणतात. थोरले काकाही असंच म्हणायचे. मग एक दिवस त्यांच्या हातून पाण्याचा तांब्या सुटला. पुढच्या तीन वर्षांत खांद्यापासून पिंढरीपर्यंत अंगावर स्नायू म्हणून राहिला नाही."

चौगुल्यांच्या घरात हा स्नायुक्षय तीन पिढ्या चालत आला होता. रक्तातली नेमकी चूक अजून कोणाला सापडली नव्हती. एवढंच ठाऊक होतं की ज्याला तो होतो, त्याच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. मृणालचे वडील आबा सत्तरीपर्यंत सुटले, म्हणून सगळे निर्धास्त होते. आता गुरुवारी यास्मिनच्या रुग्णालयात आबांची, स्नायूंत सुई घालून करायची तपासणी ठरली होती, आणि काय निघणार हे मृणालने मनाशी जवळजवळ धरूनच टाकलं होतं.

"मला एकदा नीट सांग," यास्मिन म्हणाली, "हे तुझं बलदर्पण मोजतं तरी काय?"

बलदर्पण हे मृणालच्या दहा वर्षांच्या कष्टांचं फळ. भिंतीला टांगायचा पुरुषभर उंच पडदा, वर कॅमेरा, खाली दोन दोर. दोर ओढायचे, त्यांचा ताण आतली मोटर कमी-जास्त करते. घरच्या घरी वजनं न आणता ताकद कमवायची सोय.

"कॅमेरा माणसाचे एकतीस सांधे टिपतो आणि त्यांचं सांधेचित्र बनवतो," मृणाल सांगू लागली. "कोपर किती वाकलं, किती वेगानं उघडलं, हे दिसलं आणि दोराचा ताण माहीत असला की कोणत्या स्नायूनं किती जोर लावला ते गणितानं काढता येतं. मूळ चित्र त्याच क्षणी पुसून टाकतो. चेहरा ठेवत नाही, आवाज तर घेतच नाही. लोक घरात बनियनवर व्यायाम करतात, ते साठवायचं नाही ही माझीच अट होती."

"आणि तो पडद्यावरचा माणूस?"

"जोडीदार. शेजारी कोणी आपल्यापेक्षा थोडा सरस असला की माणूस जास्त जोर लावतो. म्हणून यंत्र तुमच्याच मोजमापांवरून एक माणूस तयार करतं, तुमच्यापेक्षा पाच टक्के सरस. तो तुमच्याबरोबर पंधरा वेळा दोर खेचतो. पंधरा पुऱ्या केल्यात तर पुढच्या आठवड्यात ताण वाढतो. आधीच दोर सोडलात तर तुम्ही थकलात असं धरून ताण आठवड्याला तीन टक्क्यांनी उतरतो, आणि त्याबरोबर जोडीदारही उतरतो."

"तो थकतो म्हणे?"

"बाराव्या खेचीपासून. छाती भात्यासारखी हलते, गुडघे लटपटतात. ती युक्ती माझीच. पहिला जोडीदार थकतच नसे. लोकांनी तीन आठवड्यांत कंटाळून दोरांवर कपडे वाळत घातले. मग मी त्याला दमवलं. तो दमलेला दिसला की माणसाला वाटतं, आता याला गाठतोच. आणि शेवटच्या तीन खेची तो दात-ओठ खाऊन काढतो."

"आबा काढत नाहीत."

"दर वेळी बाराव्या खेचीला दोर सोडतात. ताण एवढा उतरला तरी बाराव्यालाच. म्हणजे यंत्र ताण ज्या वेगानं कमी करतंय, त्याच वेगानं आबांची ताकद चाललीय."

यास्मिनने आकड्यांचे रकाने वर-खाली केले. "दमलेला स्नायू सोडायच्या आधी थरथरतो. तुझा कॅमेरा ती थरथर पकडतो ना? मग आबांच्या रकान्यात ती का नाही?"

"मज्जातंतूच निकामी होत असेल तर थरथर येणार कुठून?" मृणालचा आवाज चढला. याचा विचार तिने रात्रंदिवस केला होता आणि दर वेळी वाईट बाजूनेच केला होता. मग तिने आवाज खाली आणला. "यास्मिन, आणखी एक आहे. मी कोणाला सांगितलेलं नाही."

तिने दुसरी रेघ उघडली. ती अकरा आठवड्यांची होती, तशीच उतरती, तशीच बिनथरथरीची. वर नाव होतं, मृणाल हिंदुराव चौगुले.

यास्मिनने दोन्ही रेघा शेजारी ठेवून पाहिल्या. मग ती डॉक्टरसारखी बोलली. "आबांना व्यायाम करताना तू पाहिलंस?"

"रोज पाहते."

"आकडे पाहतेस. माणूस पाहिलास?"

ज्या बाईने माणसाच्या एकतीस सांध्यांचा हिशोब जगाला शिकवला, तिने आपल्या बापाला गेल्या चौदा आठवड्यांत एकदाही दोर ओढताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोल्हापुरात पोचली. आबांना घेऊन पुण्याला जायचं, एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. हिंदुराव चौगुले चाळीस वर्षं तालमीचे वस्ताद होते. गुडघा बदलल्यापासून तालमीच्या पायऱ्या बंद झाल्या, आणि बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून मृणालनेच हे यंत्र घराच्या पुढच्या सोप्याच्या भिंतीवर बसवून दिलं होतं.

दार लोटलेलंच होतं. ती चप्पल काढत होती तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला.

"हां, कंबर सरळ ठेव. सरळ! धा... अकरा... शाब्बास रं पठ्ठ्या."

मृणाल दाराआडून पाहू लागली. आबा कापडी पट्टा कसून पडद्यासमोर उभे होते. दोन्ही दोर त्यांनी असे धरले होते, जसं दुसरं कोणी पदराचं टोक धरेल. पडद्यावरचा जोडीदार बाराव्या खेचीला लटपटू लागला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि दोर सोडून दिले.

"दमलो बाबा," ते त्याला म्हणाले. "आज हितंच थांबू. तूबी दम घे."

जोडीदारही थांबला. यंत्राने मंजुळ आवाजात पुढच्या आठवड्याचा ताण तीन टक्क्यांनी कमी केल्याचं सांगितलं. आबांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"आबा," मृणाल आत येत म्हणाली, "तुम्ही दमला होता?"

"आलीस व्हय! बस, पाणी घे." आबा जरा ओशाळले. "मी कशाला दमतोय? त्यो दमलावता. बघितलं न्हाईस, गुडघं कसं लटपटायलते?"

"मग दमलो असं का म्हणालात?"

"आता काय सांगायचं तुला." वस्तादांनी पंच्याने उगाच तोंड पुसलं. "पठ्ठ्याचं गुडघं हालाय लागलं की वस्तादानं आदी बसायचं असतंय. तू दमलास असं त्याला म्हनायचं न्हाई, मी दमलो म्हनायचं. न्हाईतर त्यो लाजंखातर रेटतोय आन् एकांदी शीर धरून बसतोय. चाळीस वर्सं असंच केलं. एकाचंबी हाड मोडू दिलं न्हाई."

"आबा, ते चित्र आहे."

"मला काय कळत न्हाई व्हय? चित्रच हाय. पर दमतंय की." ते थोडे थांबले. "आन् खरं सांगू? दिवसेंदिवस लईच हलकं व्हाय लागलंय बिचारं. मी तुला इचारनारच हुतो, त्याला काय झालंय म्हनून. वाईट वाटतंय ग."

सगळा गुंता मृणालसमोर सुटून पडला. जोडीदार आबांवरूनच बनत होता. तो दमला म्हणून आबा थांबत. आबा थांबले म्हणून यंत्र दोघांनाही उतरवी. आणि उतरलेला जोडीदार पुन्हा बाराव्यालाच दमे, कारण तशी आज्ञा तिनेच त्याला देऊन ठेवली होती. आकडे खरे होते, गणितही बिनचूक होतं. फक्त माणूस थकल्याशिवाय दोर सोडत नाही हे तिने गृहीत धरलं होतं, आणि आवाज न ठेवण्याच्या तिच्याच अटीमुळे ते "तूबी दम घे" कोणाच्या कानावर गेलं नव्हतं.

तरी ती शास्त्रज्ञ होती. नुसत्या पटण्यावर विसंबणारी नव्हती. तिने जोडीदार बंद केला, पडदा कोरा केला, आणि ताण पुन्हा बासष्टवर नेला.

"आबा, आता कोणी नाहीये. तुम्ही एकटेच. जमेल तितकं खेचा."

आबांनी पंधरा खेची काढल्या. मग सोळावी. अठराव्या खेचीला त्यांचे खांदे थरथरले, कपाळ घामाने डबडबलं, आणि विसावी संपवून त्यांनी दोर सोडला. "हां! आता कसं बरं वाटलं."

मृणाल ढसाढसा रडू लागली. आबा घाबरले. थोरल्या भावाचं दुखणं त्यांनीही पाहिलं होतं. गुरुवारची तपासणी कशाची, हे त्यांना न सांगताही कळलं होतं आणि त्यांनी ते कोणाला दाखवलं नव्हतं. तिने रडत रडतच सगळं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे मला ते न्हाई?" दोघांचाही जीव भांड्यात पडला होता.

यास्मिनला फोन लावला तेव्हा ती आधी हसली, मग तिने गुरुवारची सुई रद्द करायला साफ नकार दिला. "सुई टोचणार, पण आता पेढ्यांचा पुडा घेऊन या." मग तिचा आवाज बदलला. "मृणाल, तुमच्याकडे आणखी अशा रेघा आहेत का?"

होत्या. दोनशे चौदा घरं. कॅमेरा नीट बसवला नसेल असं म्हणून प्रयोगशाळेने ती यादी बाजूला टाकली होती. मृणालने तिथल्या तिथे ती उघडली आणि व्यवसायाचा रकाना वाचत गेली. निवृत्त शिक्षिका. परिचारिका. अंगणवाडीताई. पोहायला शिकवणारे गुरुजी. परत शिक्षिका. जन्मभर दुसऱ्याचा दम पाहून आपलं पाऊल टाकणारी माणसं, आणि तिच्या यंत्राने त्या सगळ्यांना दुबळं ठरवलं होतं.

"आणि तू?" यास्मिनने विचारलं. "तुला तर माहीत होतं ते चित्र आहे."

मृणालने फोन ठेवला, पण प्रश्न ठेवता येईना. तिने स्वतःच्या हातांनी त्या जोडीदाराचे गुडघे लटपटवले होते, आणि तरी अकरा आठवडे त्याच्याबरोबरच दोर सोडला होता. आपण दमलो असंच तिला दर वेळी प्रामाणिकपणे वाटलं होतं. वस्तादाच्या घरात वाढलेल्या पोरीला हे वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

"आबा, एक दोर मला द्या."

पडदा कोराच होता. बापलेक शेजारी शेजारी उभे राहिले, एकेक दोर धरून. आबांनी मोजायला सुरुवात केली. आठव्याला मृणालला धाप लागली. दहाव्याला दंड पेटले. बाराव्या खेचीला तिचे गुडघे जरासे हलले, आणि लगेच शेजारी आबांनी दोर सोडून दिला.

"दमलो ग," ते खाली बसत म्हणाले. "वय झालं आता."

मृणालने त्यांच्याकडे पाहिलं. पंधरा मिनिटांपूर्वी याच माणसाने दोन्ही हातांनी विसावी खेच काढली होती. लहानपणी तिच्याबरोबर पळताना, पंचगंगेत पोहताना, पंजा लढवताना आबा नेमके तिच्या आधी दमायचे, हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

तिने दोर सोडला नाही.

"मी नाही दमले, आबा," ती धापा टाकत म्हणाली. "उठा. तेरा."

आबा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग खो खो हसत उठले आणि त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला.